आटपा बाईंचे पेढे

आमच्या जनसंवाद विभागातल्या मार्गदर्शक बाई प्रबंध हातात घेतला, की आधी तो तळहातावर तोलत. मग चष्म्यावरून बघत विचारत, "अहो, हे वाचायचंय, की यावर उभं राहून माळ्यावरचं सामान काढायचंय?" आणि लगेच, "आटपा." अख्खा विभाग त्यांना 'आटपा बाई' म्हणायचा. हे त्यांना ठाऊक होतं आणि आवडायचंही.

'मानव हा समाजशील प्राणी आहे' या वाक्याशी त्यांचं उभं वैर. ते दिसलं, की पानभर तिरकी रेघ. "पूर्वरंग कीर्तनात शोभतो. तुम्ही काय विचारलंत, कुणाला विचारलंत आणि काय सापडलं तेवढं सांगा, की सुटलात."

बाईंचे स्वतःचे अहवाल जेमतेम चार पानांचे. कुणी तोच प्रयोग पुन्हा करून त्यांचा निष्कर्ष खोटा पाडला, की त्या पेढे वाटत. पहिला पेढा चूक काढणाऱ्याला, दुसरा स्वतःला. "खोटं पाडता येईल इतकं तरी स्वच्छ लिहावं माणसानं," असं म्हणायच्या. "जाडजूड ग्रंथ कोण खोटा पाडणार? तो कुणी उघडतच नाही."

माझा विषय रिक्षा. "अहो दादा, हडपसरला येता का?" असं अदबीनं विचारलं तर रिक्षावाले जास्त तयार होतात, की नुसतं "हडपसर!" म्हटलं तर? कसब्यातल्या एका कोपऱ्यावर उभा राहून मी विचारत सुटलो. पण कुणी "बसा" म्हणाला तर काय, याचा विचारच केला नव्हता. बाईंनी बजावलं, "फसवायचं नाही. हो म्हणाला तर जायचं." झालं! प्रत्येक होकाराला मी हडपसरला जाऊन, बसनं परत येऊन, पुन्हा त्याच कोपऱ्यावर उभा. हडपसरचा चहावाला मला घरचाच समजू लागला. नकार मिळाला की मला हायसं वाटे. एक रिक्षावाला म्हणाला, "पीएचडी करताय? मग चालत जा की. तुमच्याकडं वेळच वेळ."

एवढं करून निघालं काय, तर काहीच नाही. अदबीनं विचारा नाहीतर उर्मटपणे, फरक शून्य. माझी नोंदणी संपत आली होती आणि एक तरी शोधनिबंध छापून आल्याशिवाय प्रबंध दाखल होणार नव्हता. विभागातले एक सर म्हणाले, "यात छापण्यासारखं काय आहे? सोडा आता." मी खरंच सोडायला निघालो होतो. घरी तसं सांगूनही टाकलं होतं.

बाई मात्र खूश. "फरक पडत नाही हे कळलं ना? कालपर्यंत कुणाला ठाऊक होतं? चार पानं लिहा. हडपसरच्या फेऱ्यांसकट. आटपा."

लिहिलं. छापून आलं. मी डॉक्टर झालो, खराडीच्या एका कॉलेजात लागलो आणि बाईंचं 'आटपा' वर्गात माझ्या तोंडी कधी बसलं ते कळलंच नाही.

बाई गेल्या वर्षी गेल्या. शोकसभेत तेच सर बोलायला उठले आणि त्यांनी गुहेतल्या मानवापासून सुरुवात केली. मला हसू आवरेना आणि रडूही. शेवटी मी उठून बाहेर गेलो.

परवा वर्गात वैष्णवी उभी राहिली. हडपसरची, मूळ गावठाणातली मुलगी. "सर, तुमचं रिक्षाचं चुकलंय. मी आमच्याकडच्या स्टँडवर करून बघितलं. 'दादा, यायचं हाय का?' म्हटलं की येतात, नुसतं ठिकाण सांगितलं की नाही. तुम्ही लई पुस्तकी बोलला असणार."

"तू वाचलंस ते?"

"चारच पानं होती, म्हणून वाचलं."

मी तसाच उठलो आणि मिठाईच्या दुकानात गेलो. "काय विशेष?" दुकानदारानं विचारलं.

"माझी चूक निघाली."

"मग रोज येत जा," तो पेढे बांधता बांधता म्हणाला.

वर्गात परत येऊन पहिला पेढा वैष्णवीला दिला. दुसरा उचलला, तो हातातच राहिला. दुसरा पेढा नेहमी बाईंचा असायचा. मुलं माझ्याकडे आणि पुड्याकडे आळीपाळीनं बघत होती.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आटपा ना."