पाटाच्या पायरीवर दोन चपला

गेल्या मंगळवारी मुलींना राक्षस दाखवायला घेऊन गेलो होतो. राहुरीच्या पुढे, धरणाच्या पाटाला लागून, एका हौशी साहेबांनी 'गोष्टींचं रान' उभारलं आहे... बाभळी-निंबांच्या मध्ये सिमेंटचा राक्षस, मनोऱ्यात कोंडलेली राजकन्या, उडायच्या बेतात असलेला घोडा.

बरोबर माझी दहा वर्षांची नलू आणि पाच वर्षांची भाची सुमी. सुमीची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, बाळंतपणासाठी आमच्याकडे आली आहे. "दादा, हिचा हात सोडू नकोस," एवढंच तिने निघताना सांगितलं. वीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या माणसाच्या एक वाक्य लक्षात राहील, असं तिला वाटलं असावं...

राक्षसाच्या तोंडातून आत शिरायचं आणि पाठीतून बाहेर पडायचं, अशी तिथे सोय आहे. बाहेर आल्यावर मी नलूला समजावू लागलो, की आपल्या जुन्या कथांतले राक्षस रूप पालटतात, चांगले विद्वानही असतात. ही शिंगं विलायती चित्रांतून आलेली. मुद्दा नीट ठसावा म्हणून मी दोन्ही हात वापरले.

"नाना, सुमी कुठाय?" नलूने विचारलं.

आधी मी हसलो. लपली असेल... राक्षसाच्या पोटात जाऊन हाक मारली, तर माझीच हाक जाडजूड होऊन परत आली. मनोरा पाहिला, घोडा पाहिला, झुडपं पाहिली. हाक मोठी होत गेली, आणि शेवटी शेवटी तो आवाज माझा राहिला नाही.

बागेचे राखणदार, पटका बांधलेले एक वयस्क गृहस्थ, काठी टेकत आले. "मास्तर, घाबरू नका. हितनं कुटं जातीय ती? एका अंगाला ऊस, एका अंगाला पाट." मग त्यांनाच काहीतरी आठवलं. खालच्या आवाजात म्हणाले, "पाटाला कालच पानी सोडलंय."

आम्ही पाटाकडे धावलो.

पायरीवर सुमीच्या चपला होत्या. लाल पट्ट्यांच्या, शेजारी शेजारी, पाण्याकडे तोंड करून... ती चपला नेहमी अशाच नीट काढून ठेवते.

पाणी गढूळ, काठोकाठ, आणि जराही आवाज न करता चाललेलं. राखणदारांनी पटका सोडून हातात घेतला आणि "म्होरच्या मोरीपाशी बघतो" म्हणत काठाने पळत सुटले. मला पोहता येत नाही. मी खालच्या पायरीवर बसलो आणि पाण्यात हात घालून चाचपू लागलो, पडलेली किल्ली शोधावी तसा.

इतकी स्तोत्रं पाठ आहेत, त्या वेळी एक ओळ आठवली नाही. घरी गेल्यावर बहिणीसमोर पहिला शब्द कोणता उच्चारायचा, एवढंच डोक्यात होतं...

नलूने माझी बाही ओढली. "नाना, पाण्याकडे नका बघू. इकडे बघा."

पायऱ्यांवर ओली पावलं होती. लहान लहान, पुष्कळ. आणि ती पाण्याकडून वर जात होती.

पावलांमागून आम्ही निंबांच्या आड गेलो. तिथे साहेबांची परी उभी आहे, सिमेंटची, दोन पंखांची, हातात कांडी घेतलेली. वस्तीवरच्या बायकांनी तिला केव्हाच हिरवी चोळी घालून हळदकुंकू लावलं आहे आणि 'पंखवाली आई' म्हणून तिचे मंगळवार सुरू केले आहेत. तिच्यापुढे पाच पोरी पत्रावळी घेऊन ओळीने बसल्या होत्या. पाचवी सुमी. कपाळभर कुंकू, गालावर पुरण.

एक म्हाताऱ्या बाई वाढत होत्या. "सुनंसाठी नवस बोलले हुते, दादा. पाच कुमारिका जेवू घालायच्या, तर चारच घावल्या. ही आईपुढं उभी दिसली. येती का म्हनलं, तर आली. पाटावर नेऊन समद्यांचे पाय धुतले आन् बसवली."

"अहो, मी इतका ओरडतोय, ऐकू आलं नाही?"

"आलं की. म्हनून तर हिला इचारलं, तुजं नाव सुमी हाय का? तोंडच उघडंना. आमाला वाटलं, लेकरू मुकं हाय."

शेजारची एक बाई पदर तोंडाला लावून म्हणाली, "आमी म्हनलं, कुनाची तरी शेळी हरवली असंल."

सुमीने घास गिळला. पान स्वच्छ केलं, चूळ भरली, आणि मग म्हणाली, "मामा, जेवताना बोलायचं नाही ना?"

हा नियम माझा. आमच्या घरी पानावर बसलं की मौन, आणि मधेच उठायचं नाही. महिनाभरात सुमीने तो इतका छान उचलला होता, की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगत असे... तिने माझी प्रत्येक हाक ऐकली होती. आणि शहाण्या मुलीसारखी जेवत राहिली होती.

मला रागवायचं होतं, पण कुणावर ते ठरेना. मी तिथेच बसलो. राखणदारांना बोलवायला एक बाई पाटाकडे पळाली. म्हातारीने माझ्यापुढेही पत्रावळ मांडली. "खावा दादा. तोंड पांढरं पडलंय." पोळी चांगली असावी. मी तिचे नुसते तुकडे करत राहिलो.

घरी येऊन बहिणीला सगळं सांगितलं, काही न लपवता. ती पदराने सुमीचे तळपाय पुसत राहिली... ते केव्हाच कोरडे झाले होते, तरी.

त्या म्हाताऱ्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांच्या सुनेचं सगळं नीट होवो.

त्या दिवसापासून आमच्याकडे जेवताना बोलायला मोकळीक आहे. सुमी तोंडात भात असतानाच बोलते, शितं उडून माझ्या ताटात येतात. मी ऐकत असतो. मधेच ती घास गिळायला गप्प झाली, की माझा हात ताटातच थांबतो...