माहेरचा रकाना

तिचं माहेर कुठलं, ते मी इथे सांगणार नाही. मराठी वाचकाला पहिला प्रश्न तोच पडणार, हे मला ठाऊक आहे. आम्हा रायपूरच्या मराठी लोकांना तर तो जरा जास्तच पडतो. पिढ्या गेल्या छत्तीसगडात, पोरं हिंदीत उत्तरं द्यायला लागली, तरी नवी बाई भेटली की तिला बसायला सांगायच्या आत आम्ही विचारतो, माहेर कुठलं? गाव कळलं की आडनावं जुळवायची, आडनावं जुळली की कुणाची तरी मावशी निघतेच, आणि मग चहा. या एका प्रश्नाने मी किती घरं जोडली, अशी माझी ऐट होती. एक घर त्याच प्रश्नाने उठलं. ते मी उठवलं.

तेव्हा मी नव्या रायपुरात एका सरकारी कार्यालयात संगणकाचं काम बघत होते. राजधानी तिकडे सरकली तशी मीही जुन्या शहरातल्या आमच्या तात्यापाऱ्यातून रोज सकाळी बस धरून तिकडे जायला लागले. लोकांच्या खाजगी माहितीबद्दलचा नवा कायदा आला, आणि तो अधिकाऱ्यांना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच ओढून घेतलं. मला शिकवायला आवडतं, आणि चुकणाऱ्याला चारचौघांत टोकायला त्याहून जास्त आवडतं.

वर्गात मी सांगायची, लागेल तेवढीच माहिती मागा. ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरा. विचारून घ्या, आणि माणूस नाही म्हणाला तर विषय संपला. माझा आवडता धडा मात्र वेगळा होता. यादीतून नाव खोडलं म्हणजे माणूस लपला, असं समजू नका. एखाद्या तालुक्यात जनावरांची डॉक्टर बाई एकच असेल, तर तिचं नाव खोडून काय फायदा? संशोधक हे कधीपासून ओरडून सांगताहेत, की दोनतीन साध्या गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की बिननावाचा माणूसही सापडतो. शेवटी मी पडद्यावर एक गोष्ट दाखवायची. आमच्या संगणकात कुणाचीही नोंद उघडली, की खालच्या रकान्यात उघडणाऱ्याचं नाव चढतं, आणि ते पुसता येत नाही. मोठमोठे साहेब तेव्हा खुर्चीत सावरून बसायचे. मला गंमत वाटायची.

त्याच वर्षी आमच्या मराठी मंडळाने परिवार परिचय पुस्तिका काढायची ठरवली. मी मंडळाची सचिव. अध्यक्ष रेल्वेतून रिटायर झालेले काका. ते म्हणाले, "एकही घर सुटाले नाही पाहिजे. नागपूर-अमरावतीवाल्यायले समजू दे, आपण इथं किती आहो ते." मी कंबर कसली. दर शनिवारी-रविवारी वही घेऊन निघायची आणि दाराच्या क्रमाने घरं घ्यायची. कुटुंबप्रमुख, मूळ गाव, माहेर, काम, मुलं, त्यांच्या जन्मतारखा. तारखा कशाला, तर वाढदिवसाला मंडळाकडून शुभेच्छा जाव्यात म्हणून. कुणाला विचारलं नाही की छापू का. आपल्याच माणसांना काय विचारायचं?

आमच्याच गल्लीत, वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत ती राहत होती. पस्तिशीची, आणि समजा, शाळेत चित्रकला शिकवायची. हेही मी बदलूनच लिहिते आहे. मुलगी सातवीत. कपाळाला बारीक टिकली, दाराला आतून दोन कड्या. मी माहेर विचारलं तशी ती हसली. म्हणाली, "ताई, दीड वर्षात हे कोणी विचारलंच नाही मले." आणि सांगितलं. गाव, गावातली नदी, वडिलांचं दुकान, सगळं. चहा झाला, दुसरा झाला. मी उठताना मात्र तिने माझा हात धरला.

"ताई, माझं नाव टाकू नका त्याच्यात. सासरचे शोधून राहिले मले. मारलं होतं त्यानं. पोरीलेही."

"नाही टाकत. मी काय वेडी आहे का?" मी म्हणाले.

आणि नाही टाकलं. शब्दाला जागले, असं मला वाटलं. नावाच्या जागी रेघ ओढली आणि बाकीचे रकाने भरले. ती ओळच का काढून टाकली नाही, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एकही घर सुटायला नको होतं, हे एक. दुसरं सांगायला लाज वाटते. त्या गावचं माहेर असलेली बाई अख्ख्या पुस्तिकेत ती एकच होती, आणि तो रकाना कसा भरगच्च दिसत होता. कायदा, संमती, ते सगळं सरकारी कामासाठी. मंडळ म्हणजे घर, आणि घरात कसला आला कायदा! लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवली असेल.

पुस्तिका छापून आली. फोनवर पाठवायची प्रतही मीच तयार केली आणि विदर्भातल्या मंडळांना धाडली. दोन दिवस कौतुकाचे निरोप येत होते. तिलाही मी एक प्रत नेऊन दिली. तिने आपली ओळ शोधली, रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बरं केलं ताई."

संक्रांत तोंडावर आली होती. शनिवारी दुपारी मी गोल बाजारातून हळदीकुंकवाच्या वाणासाठी स्टीलच्या वाट्या घेऊन येत होते. तिच्या जिन्यापाशी एक माणूस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईचा डबा. खालच्या घरातली बाई मला म्हणाली, "तिचा नवरा आहे म्हणे. पोट्टी दार उघडून नाही राहिली. काहून ते समजत नाही. नवराच हाय ना, भेटू द्या की."

मी वर धावले. दाराच्या फटीतून मुलीचा आवाज आला, अगदी हळू. "काकू, पापा आए हैं। उनको मत बोलिए कि मैं अंदर हूँ।"

मी खाली आले. त्या माणसाने खिशातून घडी केलेला कागद काढला. वरची वेलबुट्टी मी लगेच ओळखली. ती मीच निवडली होती.

"तुम्हीच सचिव ना? मागच्या पानावर फोटो आहे तुमचा," तो म्हणाला. "बढिया काम केलं ताई. दीड वर्ष शोधून राहिलो होतो. माझी आत्या तिकडं मंडळात आहे, तिनं वाचलं. या गावची, चित्रकलेची मास्तरीण, सातवीतली पोरगी. म्हणाली, हे तर आपलीच सून. नाव नव्हतं तुम्ही टाकलं, पण वरच्या ओळीत शेजाऱ्याचं होतं, खालच्या ओळीत दुसऱ्या शेजाऱ्याचं. त्यायची घरं विचारत आलो, मधात एकच जिना."

दाराच्या क्रमाने घेतली होती ना मी घरं. माझाच आवडता धडा तो मला वाचून दाखवत होता, आणि वर आभारही मानत होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पोलिसांना फोन लावते म्हणाले तर हसला. "लावा ना. बायकोले भेटाले आलो, चोरी कराले नाही." पण मी खरंच नंबर लावला तसा डबा पायरीवर ठेवून निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "आता घर माहीत झालं."

ती शाळेतून आली ती थेट जिन्यातच बसली. मी काय काय बोलले ते आठवत नाही. माफी मागितली असेल, कारणंही दिली असतील. तिने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. ती मिठाईच्या डब्याकडे बघत म्हणाली, "ताई, नाव नव्हतं. मीच पाहिलं होतं ना. मले वाटलं, झालं, वाचलो. तुम्ही तर कंप्युटरवाल्या."

पुढच्या शनिवारी तिच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. कुठे गेली ते तिने कुणालाच सांगितलं नाही. मी घरोघर जाऊन पुस्तिका परत मागितल्या. निम्म्या मिळाल्या. फोनवरची प्रत कुठवर गेली ते कोण सांगणार? काका म्हणाले, "तू तर नाव काढलं होतं. मग तुयी काय गलती?" खरं सांगायला तोंड नव्हतं, म्हणून त्या माणसाला भिडले, पोलिसांना फोन लावला, ही तेवढीच गोष्ट मंडळात सांगितली. बायकांनी माझं कौतुक केलं, आणि मी ते घेतलं.

इथे थांबले असते तरी बरं होतं. सहा महिन्यांनी आमच्या विभागाकडे राज्यभरच्या शाळांच्या नोंदी तपासायचं काम आलं. मनात आलं, एकदा तिची माफी मागू. चार ओळींचं पत्र. ती सुखरूप आहे एवढं कळलं तरी पुरे. दुपारी जेवायला सगळे उठून गेले होते. मुलीची जन्मतारीख माझ्या वहीत होतीच, शुभेच्छांसाठी घेतलेली. ती टाकली, आईचं काम टाकलं. डबा उघडायच्या आत मुलगी सापडली. दुसरं शहर, नवी शाळा, घराचा पत्ता.

तो पत्ता बघताना मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, आणि त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते. लपलेल्या बाईला मी दुसऱ्यांदा शोधून काढलं होतं, तेही माझ्या मनाला शांती मिळावी म्हणून. तिने सांगितलं नव्हतं, याचा अर्थ नाही असा होतो, हे मी दर महिन्याला साहेबांना शिकवत होते. मी पडदा बंद केला. पत्र लिहिलं नाही. पत्ता विसरायचा प्रयत्न केला, पण तो पाठ आहे.

पुढच्या वर्गात मी नेहमीसारखी एक नोंद उघडून खालचा रकाना दाखवला. एक तरुण अधिकारी म्हणाली, "मैडम, इतना पढ़ाने के बाद भी कोई ऐसा करता है क्या?"

"करते हैं," मी म्हणाले आणि पुढचा मुद्दा घेतला.

त्या मुलीच्या नोंदीखाली तो रकाना आजही असेल. तिला शोधत कोण आलं, ते त्यात लिहिलेलं असेल. तिथे तिच्या बापाचं नाव नाही. माझं आहे.