तो दमा नव्हता

माझ्या बाबांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नाही, तरी गावानं त्यांना पिणारा ठरवूनच मसणात पोचवलं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले, डॉक्टर म्हणाले लिव्हर गेलं. लिव्हर गेलं म्हणजे माणूस पिणाराच, एवढं डॉक्टरी ज्ञान आमच्याकडे पानठेल्यावर बसल्याबसल्या मिळतं. आई तर मरेपर्यंत म्हणायची, मले चोरून पेत असतीन. बाबांनी शपथा घेतल्या, पण पिवळ्या डोळ्यांच्या माणसाच्या शपथेवर कोण विश्वास ठेवणार.

मला नाचणगावला दिली. आमची शेती भाजीपाल्याची. वांगी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर, सकाळी तोडायचं आणि पुलगावच्या बाजारात न्यायचं. घरी गॅस होता, पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच व्हायचं, कारण कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या फुकटात मिळतात. चाळिशी ओलांडली आणि मला दम लागायला लागला. आधी टोपलं उचलताना, मग वाकताना, मग बोलता बोलताही. वांग्याच्या वाफ्यात अर्ध्यात काम सोडून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून राहायचे. सगळे म्हणाले, दमा. मीही तेच म्हटलं आणि तोंडात पंप मारत राहिले.

माझा मोठा भाऊ पिपरी मेघेला राहतो. शिकला, नोकरीला लागला, घर बांधलं. बाबा गेल्यावर माझं लग्न त्यानंच लावलं. माझ्या घरी कोणी आजारी पडलं की आधी फोन दादाला जायचा. औषधाच्या चिठ्ठीवरचं त्याला वाचता येतं, डॉक्टरशी त्याला बोलता येतं. म्हणून एका हिवाळ्यात पंपानं भागेना तेव्हा त्यानंच मला नागपूरला मोठ्या डॉक्टरीणबाईकडे नेलं.

त्या बाईंनी छातीचा फोटो पाहिला आणि मला विचारलं, बिडी ओढता का? मला हसूच आलं. त्या नाही हसल्या. म्हणाल्या, जन्मभर ओढणाऱ्याची असतात तशी तुमची फुप्फुसं झाली आहेत. मग रक्त घेतलं. पुढच्या खेपेला त्यांनी नीट समजावलं. आपलं लिव्हर एक प्रोटीन तयार करतं, ते रक्तातून फुप्फुसांकडे जाऊन त्यांना जपतं. काहींच्या घराण्यात ते प्रोटीन वेडंवाकडं बनतं आणि लिव्हरमधून निघतच नाही. बाजाराच्या गेटवर गाड्या अडकाव्या तसं तिथंच साचतं. इकडे लिव्हर खराब होतं, तिकडे फुप्फुसं उघडी पडतात. माझ्या रक्तात ते प्रोटीन फार कमी होतं. पण ज्या नेहमीच्या दोन बिघाडांची तपासणी होते, ते दोन्ही माझ्यात नव्हते.

"म्हणजे एखादा दुर्मिळ प्रकार असणार," त्या म्हणाल्या. "त्यासाठी अख्खं जनुक वाचावं लागेल. घरात कोणाचा आधी सापडला असेल तर सोपं होतं, नेमकी तेवढीच जागा पाहता येते. कोणाची झाली आहे का तपासणी?"

मी दादाकडे पाहिलं. अशा प्रश्नांना उत्तर द्यायला तोच होता ना.

"नाई मॅडम," दादा म्हणाला. "आमच्यात कोणीच असं काही केलं नाई."

बाहेर आल्यावर त्यानं मला उसाचा रस पाजला. म्हणाला, बाई, हे मोठे दवाखाने माणसाला घाबरवतात. तुझा आहे दमा, फवारणीनं झालेला. पंप घे आणि शांत राहा. दादा म्हणाला म्हणजे झालं. मी घरी आले आणि चूल पेटवली.

त्याच हिवाळ्यात त्याच्या पोरीची सोयरीक आली, कारंजा घाडग्याकडची, संत्र्याच्या बागा असलेलं घर. आमच्याकडे सोयरीक जुळताना पोरीच्या आईला घराण्याबद्दल कोणी विचारत नाही, ती चांगलंच सांगणार. विचारतात आत्याला. आत्या म्हणजे त्याच रक्ताची, पण आता दुसऱ्या घरची, ती खोटं कशाला बोलेल असा हिशेब. नवरदेवाच्या आईनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, घराण्यात काही कावीळ, दमा, कोड? आदल्या दिवशी दादानं मला सांगून ठेवलं होतं, तुझ्या खोकल्याचं विचारलं तर फवारणीनं झालं म्हणजो, तेच तर खरं आहे. मी त्या बाईचा हात हातात घेतला आणि अगदी मनापासून सांगितलं की आमच्या घराण्यात असलं काही नाही, आम्ही शेतातली माणसं. लग्न झोकात झालं. मी दर दोन ओव्यांमागे खोकत होते, पण गात होते.

पुढच्या हिवाळ्यात मला बाथरूमपर्यंत जायलाही भिंत धरावी लागायला लागली. आमच्या घरच्यांनी दादाला न विचारता मला परत त्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. अख्खं जनुक वाचायला रक्त दूर पाठवलं. आणि सापडला बिघाड, फार कमी घराण्यांत दिसणारा, आईकडून एक आणि बाबांकडून एक. आई ही बाबांची सख्खी मामेबहीण, आमच्याकडे तर ही सोयरीक हौसेनं करतात. बाई म्हणाल्या, गेलेलं फुप्फुस परत येत नाही. धुराशेजारी एक दिवसही बसायचं नाही, आणि भावालाही तपासून घ्यायला सांगा, त्याचं लिव्हर वेळेत सांभाळता येईल. त्याच्या पोरीत एक तरी बिघाड असूच शकतो, तिच्या नवऱ्यालाही तपासायला हवं.

मी रडत बसले नाही. मला दादाची काळजी लागली. बाबांसारखे त्याचेही डोळे पिवळे होतील, ह्या भीतीनं मी दुसऱ्याच दिवशी पिपरी मेघेला गेले. दादा वरच्या मजल्यावर आंघोळीला गेला होता. वहिनीपाशीच सगळं सांगायला सुरुवात केली, जनुक, प्रोटीन, जेवढं समजलं तेवढं. वहिनी भाजी चिरत होती. तिला वाटलं, दादाचं मला माहीत झालंय.

"त्याईचं तर झालं ना सारं तपासून," ती म्हणाली. "लिव्हर सुजलं होतं तवा. तुम्हाले नागपूरले नेलं त्याच्या आधीच."

दादा खाली आला तेव्हा मी फक्त विचारलं, काऊन?

"तुले सांगतलं असतं तर तू बोलली असती," दादा म्हणाला. "पोरीच्या सासूनं विचारलं असतं आन् तू भडाभडा ओकली असती. तुह्या पोटात काही राहते का?"

नाही राहत. खरं आहे. म्हणूनच माझ्या तोंडावर लोक विश्वास ठेवतात, आणि म्हणूनच त्याला माझं तोंड हवं होतं. केसानं गळा कापला माझ्या भावानं, आणि वरून रस पाजला. मी त्याला म्हटलं, दोन हिवाळे मी चुलीचा धूर खाल्ला. तो म्हणाला, चूल तर सगळ्याच बाया पेटवतात. मी म्हटलं, बाबा पिणारे नव्हते हे तुला कळलं होतं, कोणाला तरी एका माणसाला सांगायचं होतं. तो म्हणाला, बाबा तर गेले.

पोरगी तेव्हा बाळंतपणाला माहेरी आलेली होती, आतल्या खोलीत. माझी लाडाची, लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या माझ्याकडे काढलेली. मला वाटलं, ह्यांनी हिलाही अंधारात ठेवलं असणार. हिचं लेकरू येतंय, हिला तरी कळलंच पाहिजे. दादानं दार अडवलं, म्हणाला तिला नको सांगू ह्या दिवसांत. मी त्याला बाजूला सारलं, पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं.

ती दचकली नाही.

"मले माहीत हाय, आत्या," ती म्हणाली. "बाबांसंगच माह्यं बी रक्त पाठवलं होतं. माह्यात एकच हाय, मले काही होत नाई."

"कधी?"

"पाह्यले आले त्याच्या आधी."

साखरपुड्याआधी ती माझ्याकडे राहायला आली होती. गॅसवरची नको, आत्याच्या हातची चुलीवरचीच भाकर पाहिजे म्हणून लाडात येऊन बसायची. मी खोकत खोकत भाकरी थापायचे आणि ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची. मी विचारलं, तेव्हाही माहीत होतं? तिनं मान हलवली. मग म्हणाली, "पण सांगतलं असतं तर तू माह्या सासूले काय सांगतलं असतं?"

बापानं शिकवलेलं वाक्य होतं, पण बोलली तीच.

वहिनी म्हणाली, जेवून जा. मी चप्पल घातली. फाटकापर्यंत जाता जाता श्वास अडकला आणि डोळ्यांपुढे अंधारलं. पोरगी पोट सावरत हात द्यायला धावली. मी तिचा हात झटकला आणि फाटकाचा गज धरून उभी राहिले, श्वास येईपर्यंत.