गालाला लावून बघितलेली नळी

अक्का गेल्याला सहा आठवडे झाले. घरात गोष्टी सांगण्याचा मक्ता माझ्याकडे, कुणी मागितल्या नाहीत तरी सांगणारा मी. ही मात्र तोंडातून धड निघत नाही, म्हणून लिहितोय...

अक्का माझी थोरली बहीण. लवकर विधवा झाली, साक्रीहून धुळ्याला जाऊन नर्स झाली. लढाईच्या दिवसांत तिथल्या दवाखान्यात गुंगी देताना श्वासासाठी घशात रबरी नळी घालू लागले, तेव्हापासून त्या नळ्या अक्काच्या ताब्यात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एकेक नळी ती स्वतःच्या गालावरून फिरवायची. जरा खरखरीत लागली की बाजूला, रोग्याचा घसा सोलवटू नये म्हणून. उरल्यांतली बारीक निवडून व्हॅसलीन लावायची. डॉक्टर हसायचे, "अक्कांच्या गालानं पास केली ना? मग आणा."

माझ्या गळ्याची गाठ तिथंच काढली. शुद्धीवर येताच मी शेजारच्याला गोष्ट सांगायला तोंड उघडलं, तर अक्कानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "आज चूप ऱ्हाय, भाऊ. उद्या बठ्ठं बोलजो." आणि दिवसभर चमच्याचमच्यानं कोमट पाणी पाजत राहिली. तिसऱ्या दिवशी माझा आवाज असा खणखणीत, की शेजारचा रोगी मुदतीआधीच घरी गेला.

यंदा तिच्याच पोटाचं ऑपरेशन निघालं. जळगावला, अनोळखी दवाखान्यात. आत नेताना तिनं माझं मनगट धरलं. "नळी बारीक घाला म्हना. आधी गालले लाई देखा म्हना."

"सांगतो," म्हटलं. डॉक्टर समोरून आले. बूट, घाई, इंग्रजी... जन्मभर न विचारता बोलत आलेला मी उठलो, नमस्कार केला आणि खाली बसलो.

पोटातला रोग तिला नेणारच होता, असं सगळे म्हणतात. पण ऑपरेशननंतर ती चार दिवस होती, आणि ते तिचे बोलायचे होते. घशातून नुसती घरघर यायची, पाणी गिळताना डोळे भरायचे. एकदा तिनं नुसत्या ओठांनी विचारलं, "सांगं का तू?"

मी मान हलवली. हो, सांगितलं म्हणून.

तिनं माझ्या गालावरून हात फिरवला... सावकाश, नळी फिरवावी तसा. तीच आमची शेवटची भेट.

तिचं फुलपात्र आणि चमचा आता माझ्याकडे आहेत. संध्याकाळी पोरं गोष्टीसाठी जमतात. मी आधी दोन चमचे कोमट पाणी पितो. घसा मोकळा होतो. मग दुसरीच गोष्ट सांगतो.