माझ्या तोंडातली शांतता

हसायचं नाही हां, आधीच सांगते! स्वतःच्या थुंकीने स्वतःची लाज काढणारी बाई तुम्ही पाहिली नसेल. बघून घ्या.

मी अंधेरीच्या एका लॅबमध्ये संशोधन करते. आपल्या तोंडातले बॅक्टेरिया एकमेकांशी बोलतात, ठाऊक आहे? केमिकल सोडून! "या रे सगळे, दातावर थर लावू." तर ते केमिकलच खाऊन टाकणारा एक बॅक्टेरिया मी जनुकं बदलून तयार केला. म्हणजे बाकीच्यांची बोलती बंद! बशीत थुंकी टाकायची, त्यात माझा बॅक्टेरिया सोडायचा. गप्पा चालू असल्या तर बशी जांभळी, बंद पडल्या तर पांढरी.

थुंकी कुणाची? माझीच. दुसरं कोण देणार रोज रोज?

आठवडाभर बशी पांढरीफटक! माझी फेलोशिप संपत आलेली, मुदतवाढ याच निकालावर अडकलेली. मी नाचायचीच बाकी होते. कांदिवलीला आईने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले, नको नको म्हणताना.

आमच्या मॅडमनी बशा पाहिल्या. "तुझा बॅक्टेरिया न घालता नुसती थुंकी लावून पाहिलीस?"

"लावते ना मॅडम, त्यात काय!"

लावली. तीही पांढरी!

"हेतल, तू दे गं जरा," मॅडम म्हणाल्या. हेतल माझ्या बाजूच्या टेबलावरची, घाटकोपरची जैन. तिच्या दोन बशा लावल्या, एक नुसती, एक माझ्या बॅक्टेरियासकट. दुसऱ्या दिवशी बघते तर दोन्ही वांग्यासारख्या जांभळ्या! माझा बॅक्टेरिया ढिम्म बसून होता मेला.

"मग माझ्याच थुंकीची बशी नुसतीही पांढरी कशी?" मी मॅडमच्या अगदी जवळ जाऊन ओरडले. त्या दोन पावलं मागे सरल्या.

"आज नाश्त्याला काय खाल्लंस?"

"भाकरी आणि लसणाची चटणी. रोजचंच."

"अगं, लसणाने त्यांच्या गप्पा दबतात! हेतलच्या घरी लसूण येतच नाही. तुझा बॅक्टेरिया काहीच करत नाहीये."

वाट लागली! मी तिथूनच फोन लावला. "आई, तुझ्या चटणीने माझी फेलोशिप खाल्ली!"

"चटणी मी दिली. खाऊन लगेच थुंकायला मी सांगितलं होतं का गं?"

मुदतवाढीचा अर्ज माझ्या हातात परत देत मॅडमनी भिंतीकडे बोट दाखवलं. नमुना देणाऱ्यांसाठी सूचना. पहिलीच ओळ, लाल अक्षरांत: "काहीही न खाता नमुना द्यावा." खाली माझं नाव, चांगलं ठळक. लोक मेले सूचना वाचत नाहीत म्हणून मीच वैतागून लावला होता तो कागद!