आप्पांची दुपारची झोप

गच्चीवर फुटक्या कुंड्या कोण आणून ठेवतं ते कधी दिसत नाही, पण एक दिवस बघावं तर गच्ची भरलेली असते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीचे किस्से असेच साठलेत. नव्वद सालच्या आसपास मी जर्मनीहून परत आलेले. जुन्या इमारती दुरुस्त करून त्यांची विजेची भूक कशी कमी करायची, ते शिकून. सुरुवात आपल्याच बिल्डिंगपासून करायची, हे विमानातच ठरलेलं!

*

पहिल्याच मीटिंगमध्ये मी भिंतींना आतून अस्तर लावण्याबद्दल बोलत सुटले. फळ्यावर बाण काढले. तळमजल्यावरचे दामले, म्हणजे आमचे सेक्रेटरी, मन लावून ऐकत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "तिकडे घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून हे करतात ना?"

"हो."

"मग इथे ती बाहेर गेलेलीच बरी."

चहा आला आणि मीटिंग संपली.

*

खरी गरज होती दुसऱ्या मजल्यावरच्या आप्पा लेल्यांना. त्यांच्या डोक्यावर थेट गच्ची. उन्हाळ्यात स्लॅब असा तापायचा की पंखा लावला तर गरम हवाच खाली यायची. आप्पांना ब्लडप्रेशर. डॉक्टरांनी दुपारची झोप सक्तीची केलेली, आणि तीच लागत नव्हती. पुण्याला राहणारा त्यांचा मुलगा विनय म्हणाला, मे महिन्यात येऊन बघतो. दुपारी झोपलेले दिसले नाहीत तर कायमचे माझ्याकडे.

आप्पा मला म्हणाले, "पुण्यात दुपारी सगळं गाव झोपतं, ठाऊक आहे मला. पण मला माझ्या घरात झोपायचंय. तू काय ते बघ."

मी भिंती सोडल्या आणि गच्ची धरली. गच्ची पांढरी केली की ऊन परत फिरतं, स्लॅब तापत नाही. त्याला साधा चुना पुरतो.

*

गच्चीची परवानगी मिळेपर्यंत जिना हातात घेतला. जिन्यातला झरोका कुणीतरी फळी ठोकून बंद केलेला, त्यामुळे भर दुपारीही दिवे चालू. फळी काढायला कोणी तयार होईना, कारण तिच्यावर गणपतीचं कॅलेंडर होतं. शेवटी नारळ फोडून गणपती समोरच्या भिंतीवर हलवला, फळी काढली, जिना लख्ख उजळला. दिवे बंद!

पुढच्या आठवड्यात बघते तर गणपतीसमोर एक बल्ब, दिवसरात्र चालू.

"देवाला अंधारात कसं ठेवायचं?" दामले म्हणाले.

मी झरोक्याकडे बोट दाखवलं.

"तो सूर्याचा उजेड. हा आपला."

*

चुन्याला विरोध केला तो बायकांनी. गच्ची तापली नाही तर कुरडया वाळणार कुठे? दामलेकाकू त्यांच्या पुढारी. ऊन तेवढंच राहणार, फक्त खालचा स्लॅब गार होणार, हे मी परोपरीने सांगितलं. पटेना. मग अर्ध्याच गच्चीला चुना लावला आणि दोन्हीकडे एकाच चिकाच्या कुरडया घातल्या. दोन्हीकडच्या खडखडीत वाळल्या. तळून बघितल्याशिवाय निकाल नाही, असं ठरलं. तळल्या, आणि कमिटीने सगळा पुरावा खाल्ला.

"फॉरेनच्या बाजूच्या जरा कमी फुलल्या," दामलेकाकू म्हणाल्या. पण हरकत मागे घेतली. उरलेल्या गच्चीलाही चुना लागला.

*

पहिल्याच दुपारी आप्पा चहापर्यंत झोपले. लेलेकाकूंनी ते आनंदाने बिल्डिंगभर सांगितलं.

खाडीकडचा वारा त्यांच्या खोलीत आधीपासूनच यायचा, आता गारवाही आला. दुसऱ्या दिवशी दामलेकाकू गारवा बघायला आल्या. तिसऱ्या दिवशी त्या पापडाचं पीठ घेऊन आल्या. मग लाटायला बाकीच्या जमल्या. घरात कोणी बोलायला नाही म्हणून पाठोपाठ दामलेही पेपर घेऊन वर आले.

विनय आला तेव्हा मी तिथेच होते. जमिनीवर पोळपाट मांडलेले, बायकांच्या गप्पा रंगलेल्या आणि कोपऱ्यातल्या कॉटवर कोणीतरी तोंडावर पेपर घेऊन घोरत होतं. विनय दारातच थांबला. चेहरा उजळला.

"झोपलेत की!"

हलक्या पावलांनी जाऊन त्याने पेपर उचलला. खाली दामले.

"आई, आप्पा कुठेत?"

लेलेकाकूंनी लाटणं थांबवलं नाही.

"खाली, दामल्यांच्या घरी. हळू जा, आत्ताच डोळा लागलाय."