कलावतीची बंदूक

"हिच्या हातात बंदूक दिली तर पहिली गोळी मलाच," असं पुरुषोत्तम घरी आलेल्या पाहुण्यांना सांगायचा आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसायचा. कलावती चहाचा ट्रे जरा जोरात टेबलावर ठेवायची.

कलावती मूळची गोंदियाकडची. ऑकलंडच्या एका हॉस्पिटलात नर्स होती, तर पुरुषोत्तम त्याच शहरातल्या पापाटोएटो भागात एका फार्मसीत कामाला. २००६ साली त्यांची मुलगी सुरभी शिकायला डुनेडिनला गेली आणि माउंट रॉस्किल भागातल्या भाड्याच्या घरात दोघांना एकमेकांशी बोलण्यासारखं काही उरलं नाही. त्याच सुमारास कलावतीने कॅनडाच्या पार उत्तरेला, खनिजं शोधणाऱ्या एका कंपनीच्या कॅम्पवर, तिथल्या उन्हाळ्यापुरती नर्सची नोकरी मिळवली. तिकडे अस्वलांचा वावर. कॅम्पच्या बाहेर पाऊल टाकायचं तर बंदूक जवळ हवी. कंपनीकडे तीन तऱ्हेच्या बंदुका होत्या. आपल्याला कुठली झेपते ते सराव करून आधीच कळवायचं होतं.

तिचा थोरला भाऊ लहू गावाकडच्या रानात मोहफुलं वेचत असताना अस्वलाने त्याच्यावर झडप घातली होती. लहू वाचला, पण डोळा गेला आणि गाल कायमचा फाटका राहिला. लहानगी कलावती टोपली घेऊन तिथेच उभी होती. लग्नानंतर हे सगळं तिने नवऱ्याला विश्वासाने सांगितलं होतं. आता तो तेच उलटून तिच्या अंगावर फेकत होता. झोपेत अजून दचकतेस आणि अस्वलांच्या दारात नोकरीला निघालीस, असं रोज ऐकवत होता.

शहराबाहेरच्या गन क्लबमध्येही तिचं स्वागत झालं नाही. रानडुकरांच्या शिकारीत हयात गेलेला वायरेमू तिथे शिकवायचा. या देशात औषधालाही अस्वल नाही, मग तुला नेमकं मारायचंय कुणाला, असं त्याने तोंडावर विचारलं. तिने कॅम्पचं सांगितलं, मग लहूचंही सांगितलं. मग त्याने तिन्ही तऱ्हेच्या बंदुका तिच्यापुढे मांडल्या.

तिने सगळ्यांत मोठी रायफल मागितली. ही तुझ्यासाठी नाही, असं वायरेमू म्हणाला, तरी ती हटून बसली. पहिल्याच गोळीला दस्ता खांद्यावर असा आदळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसरी गोळी मातीच्या ढिगात गेली. तरी दात-ओठ खाऊन ती झाडतच राहिली. लहूचा चेहरा समोर होता, आणि खरं तर पुरुषोत्तमचाही.

"तू चिडलीयेस म्हणून ही बंदूक निवडतेस," वायरेमू म्हणाला. "जनावर अंगावर येईल तेव्हा हात थरथरत असतील. त्या हातांनी दुसरी गोळी मारता येईल अशी घे." मग तिने उरलेल्या दोन्ही बंदुका चालवून पाहिल्या.

दोन दिवसांनी हॉस्पिटलात कपडे बदलताना वॉर्डच्या मुख्य नर्सला तिच्या खांद्यावरचा काळानिळा डाग दिसला. घरी सगळं ठीक आहे ना, असं तिने हलक्या आवाजात विचारलं. बंदुकीचं सांगूनही तिचा विश्वास बसला नाही. कुजबुज फिरत फिरत फार्मसीपर्यंत पोचली. बायकोवर हात उचलणारा अशी आपली कीर्ती झाली, हे पुरुषोत्तमला सहन झालं नाही. त्याने कलावतीला जाब विचारला नाही. परस्पर कॅनडाला फोन लावला आणि सांगितलं, की माझ्या बायकोला अस्वलांची जुनी धास्ती आहे, तिच्या हाती शस्त्र देणं धोक्याचं आहे.

कंपनीच्या बाईने कलावतीलाच फोन केला आणि नवरा सांगतो ते खरं का, असं विचारलं. कलावतीने लपवलं नाही. भीती आहे, म्हणाली, आणि ती का आहे तेही सांगितलं. मोठी रायफल मला झेपली नाही. हरणाची हलकी रायफल झेपते, पण धावून येणाऱ्या अस्वलापुढे तिचा भरवसा नाही. जाड शिशाची गोळी टाकून, नळीखालचा पंप ओढून पुढची गोळी भरायची शॉटगन मी पुन्हा पुन्हा चालवली आहे, तीच हवी. मग बाई म्हणाली, या.

संध्याकाळी पुरुषोत्तम घरी आला तेव्हा कलावती बॅग भरत होती.

"माझ्या भावाचा डोळा विकलास तू," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"तुझ्या भल्यासाठीच केलं."

"माझ्या भल्याचं नाव आता तोंडून काढू नकोस."

तो तिला सोडायला विमानतळावर गेला नाही.

कॅम्पवर एका सकाळी नदीकाठच्या झुडपातून अस्वल निघालं आणि थेट धावत आलं. सोबतचा माणूस ओरडत मागे सरला. कलावतीचे हात खरोखरच थरथरत होते. पहिली गोळी तिने अस्वलाच्या पुढ्यात जमिनीत मारली. चिखल उडाला, जनावर वळलं आणि झुडपात शिरलं. तिने पंप ओढून दुसरी गोळी भरली आणि नेम धरून उभी राहिली. ते परत यावं असं तिला मनापासून वाटत होतं. ते आलं नाही. मग तिने बंदूक खाली ठेवली आणि तिथेच ओकली.

मोसम संपल्यावर ती परतली, पण माउंट रॉस्किलला गेली नाही. ऑकलंडच्याच टाकानिनी भागात नव्या वस्तीतलं छोटं घर तिने भाड्याने घेतलं. पुरुषोत्तमने तिचं सामान खोक्यांत भरून आणलं आणि बेल न वाजवता फूटपाथवर ठेवून तो निघून गेला. त्या दिवशी पाऊस होता. कलावती बाहेर आली तोवर खोकी भिजून फाटली होती, आणि शेजारची बाई तिला सामान आत न्यायला मदत करू लागली.